छेद फुगतो: अचूक अपूर्णांकांची लायब्ररी लिहितानाच्या नोंदी

रेषीय समीकरणं सोडवणारा माझा एक छोटा प्रोग्राम आहे. ज्या संचाला एकमेव उत्तर नव्हतंच, अशा एका संचाला त्याने बिनदिक्कत उत्तर दिलं. शोधत गेले तर आत एका ठिकाणी ०.१ + ०.२ − ०.३ असा हिशेब होत होता. तिथे शून्य यायला हवं. संगणकातलं ०.१ अगदी अचूक ०.१ नसतं, म्हणून आलं होतं ते दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ५५५. प्रोग्रामने ते 'शून्य नाही' असं धरलं, त्यानेच पुढची ओळ भागली आणि सोळा आकडी उत्तर ठणकावून सांगितलं. 'इतक्याहून लहान ते शून्यच' अशी मर्यादा लावून पाहिली, तर दुसऱ्या एका संचातली खरीखुरी लहान संख्या शून्यात गेली. म्हणून ठरवलं की आतला सगळा हिशेब अपूर्णांकांत करायचा, अंश-छेद कितीही मोठे झाले तरी.

तयार लायब्ररी आहेत. जीएमपी १९९१पासून आहे आणि मी काहीही लिहिलं तरी ती त्याहून वेगवानच असणार. पण मला एकाच फाइलीत मावणारं, कशावरही न टेकणारं काहीतरी हवं होतं. थोडी खुमखुमीही होती. भाषा सी++. हाच उद्योग कुणाला करायचा असेल तर त्यांच्यासाठी नोंदी ठेवते आहे, चुकांसकट.

४ जानेवारी

आधी मोठे पूर्णांक. संख्या म्हणजे घरांची रांग, एककाचं घर पहिलं, चिन्ह वेगळं. एका घरात किती मावायचं हा पहिलाच निर्णय. आधार १०० कोटी घेतला, का तर छापायला सोपं: प्रत्येक घर नऊ आकडी लिहायचं आणि शेजारी शेजारी ठेवायचं. बेरीज आणि गुणाकार संध्याकाळपर्यंत झाले. हातचा पुढे नेणं हे शाळेत शिकतो तसंच, फक्त घर मोठं.

८ जानेवारी

आधार चुकला. मसावि लिहायला घेतला आणि कळलं की संख्या दोनने भागायची, बिट सरकवायचे, सम-विषम बघायचं, हे सतत लागतं आणि १०० कोटींच्या आधारात ते सगळं महाग पडतं. छापणं एकदाच होतं, मसावि लाख वेळा. आधार बदलून २चा ३२वा घात केला.

दोन संध्याकाळी गेल्या, कारण १०००००००००  हा आकडा कोडमध्ये सात ठिकाणी हाताने लिहिलेला होता. आता आधार हा टेम्प्लेटचा पॅरामीटर आहे, कुठलाही देता येतो. हे दूरदृष्टीने नाही, चिडून केलं. पण पुढच्या आठवड्यात त्यानेच वाचवलं.

१० जानेवारी

उणे शून्य. (−५) − (−५) केल्यावर घरं सगळी गेली, चिन्ह मात्र उणेच राहिलं. मग शून्य बरोबर शून्य का, तर नाही. प्रत्येक क्रियेच्या शेवटी चालणारं एकच 'आवरा' नावाचं फंक्शन केलं: पुढची रिकामी घरं काढायची, रांग रिकामी असेल तर चिन्ह अधिक. आधी हे चार ठिकाणी चार तऱ्हांनी करत होते.

याच दिवशी −९२२३३७२०३६८५४७७५८०८ वरून मोठा पूर्णांक बनवताना भलतंच उत्तर. ६४ बिटांच्या चिन्हासहित प्रकारात याचं धन रूप मावतच नाही, त्यामुळे आधी चिन्हरहित प्रकारात नेऊन मग उलटवायचं. अर्धा तास.

१३ ते २० जानेवारी

भागाकार. संपूर्ण आठवडा गेला.

संगणकशास्त्रज्ञ क्नूथ यांचा अल्गोरिदम डी घेतला. तो शाळेतलाच मोठा भागाकार आहे. पुढचे काही आकडे बघून 'किती वेळा जाईल' याचा अंदाज करायचा, गुणायचं, वजा करायचं, पुढचा आकडा खाली घ्यायचा. अंदाज चुकला की आपण खोडरबर घेतो. अल्गोरिदमात अंदाज सुधारण्याची एक पायरी आधी आहे, आणि तरीही एकने जास्त राहिलाच तर वजाबाकीनंतर भाजक परत मिळवण्याची पायरी आहे. त्या दुसऱ्या पायरीवर जाण्याची वेळ फार क्वचित येते, आणि गोची तिथेच आहे.

१० लाख रँडम चाचण्या चालवल्या. भाजक × भागाकार + बाकी = भाज्य, प्रत्येक वेळी बरोबर. मी खूश होऊन पुढे गेले. दोन दिवसांनी मुद्दाम ओळीने सगळे बिट १ असलेल्या संख्या दिल्या आणि एका ठिकाणी बाकी भाजकापेक्षा मोठी आली. भाजकाचं पहिलं घर मोठं करून घेण्याच्या पायरीवर संशय घेतला आणि ती दोनदा नव्याने लिहिली. तीत काहीच चूक नव्हती. तीन दिवस त्यातच गेले.

मग आधार १० ठेवून त्याच चाचण्या चालवल्या. पहिल्याच मिनिटाला धडाधड चुका, आणि त्याही कागदावर करून बघता येतील अशा. हे बघा: ४५०० ÷ ५०९. पुढचे दोन आकडे ४५, भाजकाचा पहिला आकडा ५, अंदाज ९. सुधारणेच्या पायरीत भाजकाचा दुसरा आकडा बघतात, तो ० आहे, म्हणून ९ तसाच राहतो. ९ × ५०९ = ४५८१, म्हणजे ४५०० मधून जात नाही. यंत्र तरी वजा करतं आणि वरून हातचा घेत घेत चार घरांत ९९१९ उरतात. आता अंदाज ८ करून ५०९ परत मिळवायचे: ९९१९ + ५०९ = १०४२८, पुढचा १ सोडून द्यायचा, बाकी ४२८. माझा कोड ५०९ची तीनच घरं मिळवत होता आणि तिथून आलेला हातचा चौथ्या घरात टाकतच नव्हता. चौथ्या घरातला ९ तसाच राहून बाकी ९४२८.

दुरुस्ती एका ओळीची.

ही पायरी लागण्याची शक्यता साधारण 'दोन भागिले आधार' इतकी असते. आधार १० असेल तर ती हरघडी लागते. आधार २चा ३२वा घात असेल तर सुमारे २१४ कोटी घरांत एकदा. माझ्या १० लाख चाचण्या तिच्या आसपासही फिरकल्या नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक चाचणी आधी आधार १०, मग आधार १६, मग खऱ्या आधारावर चालवते.

२४ जानेवारी

अपूर्णांक सुरू. तीन नियम घातले: छेद नेहमी धन, अंश-छेद नेहमी अतिसंक्षिप्त रूपात, शून्य म्हणजे ०/१ आणि दुसरं काही नाही.

पहिला नियम त्याच दिवशी मोडला. सी++ मध्ये −७ ला ३ ने भागलं की बाकी −१ येते, आणि मोठ्या पूर्णांकालाही मी तीच रीत लावली होती. त्यामुळे मसावि कधी कधी उणे येई, त्याने भागलेला छेदही उणे होई. बेरीज, गुणाकार सगळं बरोबर, कारण वर-खाली दोन्हीकडचं चिन्ह बदलतं. तुलना मात्र तिरक्या गुणाकाराने करतो, आणि छेद उणे असेल तर लहान-मोठं उलटतं. क्रमाने लावलेली यादी विस्कटलेली दिसली तेव्हा लक्षात आलं. आता मसावि परत देताना चिन्ह काढूनच देतो.

२८ जानेवारी

अर्धा आणि अर्धा मिळून दीड.

बेरीज जागच्या जागी करत होते, वेगळी जागा न घेता. आधी अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणायचं, मग त्यात दुसऱ्याचा अंश गुणिले आपला छेद मिळवायचा, मग छेद गुणायचा. दोन्ही बाजूंना एकच चल असेल तर 'दुसऱ्याचा अंश' पहिल्याच पायरीत बदललेला असतो. १/२ चा अंश २ झाला, त्यात २ × २ मिळवले, ६ झाले, छेद ४. ६/४, म्हणजे दीड. तात्पुरत्या जागेत हिशेब करून शेवटी अदलाबदल, हा उपाय. वाचवलेली मेमरी नगण्य होती.

३ फेब्रुवारी

आळशी संक्षेपाचा प्रयोग. दर बेरजेला मसावि काढणं महाग, तर शेवटी एकदाच काढला तर?

१ + १/२ + १/३ … + १/१००० यावर बघितलं. संक्षेप न करता छेद १००० फॅक्टोरियल होतो, म्हणजे २५६८ आकडी. दर पायरीला संक्षेप केला तर तो १ ते १००० च्या लसाविच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे फार तर ४३३ आकडी. सहापट फुगला, तरी आळशी रीतच वेगवान ठरली, कारण प्रत्येक पायरीला गुणणारी संख्या चिमुकली. मी ती लगेच सगळीकडे लावून टाकली.

समीकरणांवर लावली आणि मशीन गारठलं. तिथे प्रत्येक पायरीत नवा आकडा जुन्या चार आकड्यांपासून बनतो: स्वतः, त्याच ओळीतला एक, त्याच स्तंभातला एक, आणि ज्याने भागायचं तो. संक्षेप नसेल तर चौघांचे अंश किंवा छेद एकमेकांना गुणले जातात, म्हणजे दर टप्प्याला आकड्यांची लांबी सुमारे चौपट. आठ टप्प्यांत ६५,५३६ पट. बारा समीकरणांचा संच पूर्ण झालाच नाही, आधी मेमरी संपली.

मधला मार्ग म्हणून 'छेद १०० घरांपुढे गेला की आवरायचा' असंही करून पाहिलं. वेग ठीक. पण मग २/४ आणि १/२ दोन्ही रूपं प्रोग्रामात हिंडू लागली आणि हॅश टेबलमध्ये (रूपावरून संख्या शोधायच्या तक्त्यात) एकच संख्या दोनदा सापडू लागली. सगळं उलटवलं. दोन दिवस.

७ फेब्रुवारी

संक्षेप टाळायचा नाही, स्वस्त करायचा. हेन्रिची यांची १९५६ची रीत आहे, आणि ती अगोदर का वाचली नाही असं वाटलं.

५/४२ + ११/७० घ्या. सरळ केलं तर ८१२/२९४०, मग या दोन मोठ्या संख्यांचा मसावि २८, उत्तर २९/१०५. हेन्रिचीप्रमाणे आधी छेदांचाच मसावि: ४२ आणि ७० चा १४. वर ५ × ५ + ११ × ३ = ५८. आता ५८ ला फक्त १४ शीच ताडून बघायचं, बाकी कुठला सामाईक विभाजक उरूच शकत नाही. मसावि २. वर २९, खाली ३ × ३५ = १०५. मोठ्या संख्या जन्मालाच आल्या नाहीत.

छेदांचा मसावि १ आला तर दुसरा मसावि काढायचीच गरज नाही. कुठल्याही दोन रँडम संख्या सहमूळ असण्याची शक्यता ६ भागिले पायचा वर्ग, म्हणजे सुमारे ६१ टक्के, तेव्हा हा लाभ अधूनमधून नव्हे, वारंवार मिळतो. गुणाकारातही तसंच: गुणण्याआधीच तिरके छाटायचे, पहिल्याचा अंश दुसऱ्याच्या छेदाशी आणि उलट. शाळेत बाई फळ्यावर काट मारायच्या तेच.

९ फेब्रुवारी

वरची रीत येणारे अपूर्णांक अतिसंक्षिप्त आहेत असं गृहीत धरते. माझा मजकूर वाचणारा भाग '२/४' वाचून तसाच ठेवत होता. उत्तरं किंमतीने बरोबर, रूपाने अर्धवट, आणि 'समान आहेत का' ला अधूनमधून नाही. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट आता एकाच दारातून येते आणि तिथेच छाटली जाते. एक तास.

१२ फेब्रुवारी

पडताळणीसाठी पायथन भाषेतलं अपूर्णांकांचं तयार साधन, फ्रॅक्शन, वापरते आहे. आज ते मध्येच एरर देऊन थांबलं आणि मी दोन तास माझ्याच कोडमध्ये चूक शोधली. चूक नव्हती. पायथन ३.११पासून ४३०० आकड्यांहून मोठा पूर्णांक दशमानात छापायला किंवा वाचायला मुळातच नकार देतं. त्या रूपांतराला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो, आणि कुणी मुद्दाम प्रचंड आकडा पाठवून सर्व्हर अडकवू नये म्हणून ही मर्यादा घातली आहे. ती उठवता येते. मी षोडशमानात अदलाबदल करायला लागले, तिथे मर्यादा नाही आणि माझं छापण्याचं कामही झटपट होतं.

१६ फेब्रुवारी

म्युलर यांची मालिका चाचणीत घातली. पहिली दोन पदं ४ आणि ४.२५. पुढचं पद असं: १५०० ला मागच्याच्या मागच्या पदाने भागा, ते ८१५ मधून वजा करा, आलेल्याला मागच्या पदाने भागा, ते १०८ मधून वजा करा. खरी मालिका ५ कडे जाते. साध्या डबलमध्ये (संगणकाच्या नेहमीच्या, ठरावीक बिटांच्या दशांश प्रकारात) ती थोडा वेळ ५ च्या दिशेने चालते आणि मग उधळून १०० वर जाऊन बसते, आणि तिथे अगदी स्थिर राहते. बघणाऱ्याला वाटावं, हेच उत्तर.

अपूर्णांकांत: १७/४, ७६/१७, ३५३/७६, १६८४/३५३. आधीचा अंश पुढचा छेद होत जातो, त्यामुळे काही बिघडलं तर डोळ्यांनी दिसतं. १०० व्या पदाचा छेद सुमारे ७० आकडी, फुगतो पण शहाण्यासारखा. ही चाचणी पहिल्याच झटक्यात पास झाली. या प्रकल्पात असं एकदाच घडलं.

२१ फेब्रुवारी

समीकरणांसाठी अपूर्णांकच टाळले, हे लिहिताना जरा लाज वाटते.

बाराइस यांची १९६८ची रीत: प्रत्येक ओळ तिच्या छेदांच्या लसाविने गुणून पूर्णांकांत आणायची, मग निरसन करताना दर टप्प्याला आधीच्या टप्प्यातल्या मुख्य आकड्याने भागायचं. हा भाग नेहमी निःशेष जातो. मधला प्रत्येक आकडा मूळ सारणीच्या एखाद्या तुकड्याचा निश्चयक असतो, म्हणून तो बेसुमार वाढत नाही. मसावि सुरुवातीला आणि शेवटी, मध्ये नाही.

तपासायला हिल्बर्ट सारणी (१, १/२, १/३ अशा अपूर्णांकांची) घेतली, जिचा निश्चयक आधीच माहीत असतो. ४ × ४ ला १/६०४८००० यायला हवा. आला ३. बराच वेळ त्या ३ कडे बघत बसले. ओळी अनुक्रमे १२, ६०, ६० आणि ४२० ने गुणल्या होत्या, गुणाकार १८१४४०००, आणि तो शेवटी परत काढायचा राहिला होता. १८१४४००० भागिले ६०४८००० बरोबर ३. म्हणजे रीत बरोबर, हिशेब अर्धाच. ५ × ५ ला मग १/२६६७१६८०००००, बरोबर.

दुसरी चूक हिल्बर्टने दाखवली नाही, कारण तिथे ओळींची अदलाबदल करावीच लागत नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यात शून्य असलेला संच दिला तेव्हा निश्चयकाचं चिन्ह उलटं आलं. प्रत्येक अदलाबदलीला चिन्ह बदलायचं असतं, ते विसरले होते. 'भाग निःशेष गेला नाही तर थांब' अशी तपासणी आत ठेवली आहे. ती कोडमध्ये तशीच ठेवा, स्वस्त आहे.

२६ फेब्रुवारी

हौसेने दोनचं वर्गमूळ न्यूटनच्या रीतीने काढलं, अपूर्णांकांत. ३/२, १७/१२, ५७७/४०८, ६६५८५७/४७०८३२. (५७७/४०८ हीच किंमत बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे: १ + १/३ + १/१२ − १/४०८.) प्रत्येक फेरीला आकडे दुप्पट, विसाव्या फेरीत अंश ४ लाखांहून जास्त आकडी. मी फेऱ्या ३० ठेवून जेवायला गेले होते. आल्यावर प्रोग्राम बंद करावा लागला. अशा कामाला अपूर्णांक नकोतच, हवे तितके आकडे ठरवून त्यातच राहणारी दशांश पद्धत बरी.

२८ फेब्रुवारी

उत्तर दाखवताना 'छेद १०० च्या आत ठेवून सर्वांत जवळचा अपूर्णांक' देणारं फंक्शन. पायसाठी माझं उत्तर २२/७, पायथनचं ३११/९९, आणि तेच जास्त जवळचं. सतत अपूर्णांकाचे (छेदात पुन्हा अपूर्णांक, असा उतरत जाणारा) फक्त पूर्ण टप्पे बघत होते, दोन टप्प्यांच्या मधले सोडून देत होते. २२/७ नंतरचा पूर्ण टप्पा ३३३/१०६, तो मर्यादेबाहेर, म्हणून मागे २२/७ वर आले. मधले टप्पे (३ + २२क)/(१ + ७क) असे येतात, क = १४ ला ३११/९९.

२ मार्च

मूळ प्रोग्रामला लायब्ररी जोडली. ज्या संचामुळे हे सगळं सुरू झालं तोच दिला. पुन्हा एकमेव उत्तर.

०.१ + ०.२ − ०.३ एकटं काढून पाहिलं. आलं १/३६०२८७९७०१८९६३९६८. अचूक उत्तर, एका आकड्याचीही चूक नाही. चूक दारात होती: फाइल वाचणारा जुना भाग '०.१' आधी डबलमध्ये वाचत होता आणि मग त्याचा अपूर्णांक करत होता. डबलमधलं ०.१ म्हणजे ३६०२८७९७०१८९६३९७/३६०२८७९७०१८९६३९६८, आणि माझ्या लायब्ररीने ते इमानेइतबारे जसंच्या तसं सांभाळलं. ९ फेब्रुवारीला 'एकच दार' म्हणून लिहिलं, तेव्हा हे मागचं दार उघडंच होतं.

आता मजकुरातले आकडे थेट मोजते: ०.१ म्हणजे १/१०. डबलवरून अपूर्णांक करणारा कन्स्ट्रक्टर काढून टाकला. हवाच असेल तर लांबलचक नावाचं वेगळं फंक्शन आहे, चुकून कुणी वापरणार नाही असं. संच दिला. 'एकमेव उत्तर नाही.'

५ मार्च

मजकूर थेट वाचतो म्हटल्यावर '१ई९९९९९९९९९' ('ई'नंतरचा आकडा म्हणजे दहाचा घात) देऊन पाहिलं. लायब्ररी निमूटपणे १०० कोटी आकडी संख्या बांधायला बसली. घातांकाला मर्यादा घातली, सध्या १०,०००. कारात्सुबाचा (फार मोठ्या संख्यांसाठी वेगवान) गुणाकार अजून लिहिलेला नाही. माझ्या संचांतले आकडे तीस-चाळीस घरांच्या पुढे जात नाहीत, तिथे शाळेतलाच गुणाकार पुरतो.